केमोच्या तारखा आणि सोबतीची माणसे

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांतली बरीच पत्रे कर्करोगाविषयी आहेत आणि गंमत अशी, की त्यांतल्या फार थोड्या वाचकांनी औषधाविषयी विचारले आहे. रुग्णाला काय सांगावे, सोबत कोण जाणार, राहायचे कुठे, लोकांना तोंड कसे द्यायचे, हेच प्रश्न पुन्हा पुन्हा आले आहेत. मला ते दुय्यम वाटत नाहीत. उपचार उपलब्ध असूनही ते अर्धवट सुटतात, तेव्हा कारण बहुधा याच प्रश्नांत सापडते. चार पत्रे निवडली आहेत. औषधांचे आणि मात्रांचे निर्णय अर्थातच उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे. येथे त्यांच्याभोवतीच्या गोष्टींचा विचार केला आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाई 54 वर्षांच्या आहेत. दिवाळीनंतर त्यांच्या स्तनात कर्करोगाची गाठ असल्याचे निदान मुंबईत झाले. आधी केमो, मग शस्त्रक्रिया आणि शेवटी रेडिएशन असा क्रम डॉक्टरांनी सांगितला आहे. दोन केमो झाल्या. केस गेले, तोंड आले, अन्न जात नाही आणि आता त्या म्हणतात, "मला परत तिकडं नेऊ नका." आजाराचे नाव आम्ही त्यांना सांगितलेले नाही, साधी गाठ आहे, असे सांगितले आहे. मामंजींना एका वैदूचे औषध सुरू करायचे आहे. भेटायला येणारी माणसे रडतात, नाहीतर या आजाराने कोण कोण गेले त्याची यादी सांगतात. माझे यजमान शेती सोडून दर तीन आठवड्यांनी मुंबईला जाऊ शकत नाहीत, आणि खर्चही झेपेनासा झाला आहे. मी काय करू?
— एक सून, धाराशिव जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात सगळेच प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, पण त्यांतला एक बाकीच्यांसाठी थांबणारा नाही, तो म्हणजे तिसऱ्या केमोची तारीख. आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया हा क्रम सहसा गाठ लहान करून ती नीट काढता यावी म्हणून ठरवतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एकच प्रश्न सरळ विचारा : हे उपचार आजार बरा करण्यासाठी आहेत, की ताब्यात ठेवण्यासाठी? स्तनाच्या कर्करोगात, आजार दूरच्या अवयवांत पसरलेला नसेल, तर उत्तर बहुतेक वेळा 'बरा करण्यासाठी' असेच असते, आणि ते उत्तर घरातल्या सगळ्यांनी ऐकणे फार गरजेचे आहे. दोन केमोंमध्ये साधारण 21 दिवस ठेवतात ते रक्तातल्या पेशी पुन्हा भरून याव्यात म्हणून. पांढऱ्या पेशी कमी आहेत म्हणून डॉक्टरांनी तारीख आठवडाभर पुढे ढकलली, तर घाबरू नका. मात्र आपणच तारीख सोडली, तर उरलेल्या पेशींना वाढायला मोकळीक मिळते. अर्धी सोडलेली खुरपणी काय करते, हे तुमच्या यजमानांना मी सांगायला नको.

आता सासूबाई नको का म्हणतात ते पाहू. त्यांना उपचार नको आहेत, असे मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. त्यांना दुखणारे तोंड आणि मळमळ नको आहे. आपल्या घरांतल्या बायका त्रास सांगत नाहीत, विशेषतः पुरुष डॉक्टरला तर नाहीच, आणि 'केमोत एवढे सोसावेच लागते' असे आपणही धरून चालतो. तसे ते नाही. मळमळीवर आज चांगली औषधे आहेत आणि पहिल्या औषधाने भागले नाही तर डॉक्टर ते बदलून देतात, पण त्यासाठी त्यांना ते कळावे लागते. तोंड आले असेल तर मऊ ब्रश, कोमट पाण्यात मीठ आणि खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या, तिखट पूर्ण बंद, आणि मऊ भात, वरण, दही, अंडे, खिचडी असे थोडे थोडे खाणे. प्रथिने कमी पडू देऊ नका. गोड बंद केल्याने गाठ उपाशी मरते, हा मोबाईलवरून फिरणारा सल्ला कृपया पाळू नका. त्याने फक्त माणूस उपाशी राहतो. स्तनाच्या कर्करोगात पुष्कळदा वापरले जाणारे एक केमोचे औषध लाल रंगाचे असते आणि ते दिल्यावर एक-दोन दिवस लघवीला लाल रंग येतो. ते रक्त नव्हे. हे आधी सांगितले गेले नाही म्हणून रात्रभर रडत बसलेली कुटुंबे असतात. केस उपचार संपल्यावर काही महिन्यांत परत येतात, हेही त्यांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

एका गोष्टीत मात्र अजिबात सोसू नका. घरात थर्मामीटर ठेवा. केमोनंतर, विशेषतः सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास, ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. त्या वेळी पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असू शकतात आणि साधा जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. रात्री दोन वाजता असला तरी जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे आणि केसपेपर काढतानाच 'केमो चालू आहे' असे सांगून फाइल पुढे करावी.

आजाराचे नाव लपवण्याविषयी. मी तुम्हाला दोष देत नाही. हे आपल्याकडे मायेपोटी होते. पण गावातल्या कोणत्याही बाईला 'टाटाला नेलंय' या दोन शब्दांतून सगळे कळते, तर तुमच्या सासूबाईंना, तिथल्या बाकावर तासन्तास बसून आलेल्या बाईला, कळले नसेल का? त्यांना कळले आहे आणि घरात कोणी बोलत नाही, याचा अर्थ त्या एवढाच काढत असतील, की आपले काही खरे नाही. साध्या गाठीसाठी एवढा त्रास कशाला सोसायचा, हाही त्यांचा रास्त प्रश्न आहे, आणि तुमच्या खोट्याने तो अधिकच रास्त केला आहे. सगळे एकदम सांगायची गरज नाही. दुपारी दोघीच असताना विचारा, "आत्या, तुम्हाला काय वाटतं, हे कशाचं आहे?" त्या काय म्हणतात ते ऐका. त्यांनी नाव घेतले तर नाकारू नका. लगेच पुढचे वाक्य सांगा, की डॉक्टर बरे करायचे म्हणूनच उपचार करत आहेत आणि पुढे काय काय होणार आहे. बोलणे जमले नाही तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना किंवा समुपदेशकांना आधी भेटून ही अडचण सांगा. हे त्यांचे कामच आहे, त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत.

वैदूच्या औषधावरून घरात भांडण करू नका, कारण मामंजींना काहीतरी करायचे आहे आणि त्यांच्या वाट्याला करण्यासारखे काही आलेले नाही. केमो चालू असताना अज्ञात मुळ्या, भस्मे किंवा काढे देणे धोक्याचे आहे, कारण केमोची काही औषधे यकृतातून जातात आणि तिथे दुसऱ्या पदार्थांनी गडबड केली तर औषधाचा परिणाम बदलतो. त्यांना एकदा सोबत न्या आणि हा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. सुनेने नाही म्हटलेले आणि डॉक्टरांनी नाही म्हटलेले यांत फरक पडतो, हे मान्य करून चालणे शहाणपणाचे. शिवाय केमोच्या तारखांची वही आणि फाइल सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा.

भेटायला येणाऱ्यांचा बंदोबस्त याच मार्गाने होतो. 'काही लागलं तर सांगा' असे म्हणून निघून जाणाऱ्या माणसाला थांबवून काम सांगावे. तुमच्या गावात महिला बचत गट असेलच. त्यांच्या बैठकीत जाऊन पुढच्या सगळ्या केमोंच्या तारखा वाचून दाखवा आणि तीन गोष्टी मागा : प्रत्येक खेपेला सोबत येणारी एक बाई, त्या दिवसांत तुमच्या घरची भाकरी आणि गुरे पाहणारे एक घर, आणि आठवड्यातून एका दुपारी सासूबाईंजवळ बसणारी अशी कोणी, जी रडणार नाही. आळीपाळीने सोबत गेलेल्या बायका परत येऊन जे सांगतात त्याचा गावावर होणारा परिणाम कोणत्याही भाषणाहून मोठा असतो. हे तुमच्याच भागात घडलेले आहे. बार्शीला 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी, म्हणजे भागातल्या कर्करुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवण्याचे काम, सुरू झाले. त्याचे कार्यकर्ते नोंदीसाठी गावोगाव जात आणि जाता जाता लोकांशी बोलत. पुढे तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दाखल होऊ लागल्या.

बार्शीचा उल्लेख आणखी एका कारणासाठी केला. तिथले नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय तुम्हाला मुंबईच्या मानाने अगदी जवळ आहे. मुंबईच्या डॉक्टरांना विचारा, की शस्त्रक्रिया तुमच्याकडे करू, पण मधल्या केमो आमच्या जवळच्या केंद्रात घेता येतील का? टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने 2012 पासून देशभरातली कर्करोग केंद्रे राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमध्ये जोडली जात आहेत, त्यामागचा एक हेतू रुग्णाला घराजवळ त्याच पद्धतीचे उपचार मिळावेत हा आहे. हा प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे; केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेसह ती राबवली जाते आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन तिच्यात येतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेची कागदपत्रे करून देणाऱ्या माणसाचे, टेबल असते. शिधापत्रिका आणि आधार घेऊन उपचार सुरू होण्याआधी तिथे जा, कारण ही योजना रोकडरहित आहे आणि आधी भरलेले पैसे तिच्यातून परत मिळतील, अशी आशा धरता येत नाही. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण भाडे माफ असते आणि सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयातून ठरावीक नमुन्यातला दाखला भरून घ्यावा लागतो. मुंबईत राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या दोन जागा टाटाच्या रुग्णांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. जागा मर्यादित असते, म्हणून तारीख ठरली की लगेच रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून चिठ्ठी घ्या. या धर्मशाळांचा उपयोग केवळ निवाऱ्यापुरता नसतो. जिन्यावर बसून भाजी निवडणारी, डोक्यावर जेमतेम बोटभर केस उगवलेली दुसरी बाई तुमच्या सासूबाईंना सांगेल, की माझ्या सहा झाल्या, चौथीनंतर जीभ जरा बरी होते, तेव्हा ते त्यांना पटेल. तुमचे, माझे, डॉक्टरांचे सांगणे त्या बाईच्या सांगण्यापुढे फिके आहे.

राहता राहिलात तुम्ही. पत्रात स्वतःविषयी एक वाक्य नाही. वरच्या मागण्यांत तुमच्या झोपेसाठी एक मागणी वाढवा आणि ती यजमानांकडे करा.

प्रश्न : वय 46. खर्रा वीस वर्षे खाल्ला. गेल्या वर्षी गालाचा कर्करोग निघाला, जबड्याचा भाग काढला, मांडीचे कातडे लावून गाल शिवला, मग रेडिएशन झाले. आता तपासणीत आजार दिसत नाही. पण माझे बोलणे लोकांना कळत नाही, तोंड दोन बोटेही उघडत नाही, जेवताना लाळ गळते. बाजार समितीतल्या नोकरीवर गेलो नाही. लग्नकार्याला जात नाही. हे मी स्वतःच ओढवून घेतले असल्यामुळे कोणाकडे तक्रारही करता येत नाही. अशा रुग्णांच्या गटात जा, असे डॉक्टर सांगतात. दुसऱ्यांची दुःखे ऐकून मला काय मिळणार?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : शेवटच्या प्रश्नाआधी तोंडाचे पाहू. रेडिएशननंतर स्नायू आखडत जातात, आणि व्यायाम थांबला की तोंड आणखी मिटते; म्हणून महिनाभर करून सोडून देण्यासारखा हा व्यायाम नाही. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून त्या दातांमध्ये सरकवायच्या आणि काही दिवसांनी त्यांत एक काडी वाढवायची, ही पद्धत आपल्याकडच्या रुग्णालयांत सर्रास शिकवतात. तुमच्या शस्त्रक्रियेला ती किती आणि कशी चालेल हे फिजिओथेरपिस्टकडून समजून घ्या. बोलणे आणि गिळणे यांसाठी वाचोपचार तज्ज्ञ वेगळे असतात, त्यांच्याकडे चिठ्ठी मागा. वर्ष उलटले तरी उशीर झालेला नाही. दात मात्र गावातल्या दवाखान्यात परस्पर काढून घेऊ नका. रेडिएशन झालेल्या जबड्याचे हाड भरून येत नाही आणि सडू शकते, त्यामुळे दातांच्या डॉक्टरांना आधी तुमची फाइल दाखवावी आणि कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच पुढे जावे.

आता 'स्वतःच ओढवून घेतले' याविषयी. तंबाखू तुम्ही खाल्लीत, हे खरे आहे. ती पानटपरीवर शाळेच्या वाटेवरच मिळत होती, सोबतचे सगळे खात होते, आणि एकदा लागलेली निकोटीनची सवय निव्वळ मनोनिग्रहाने सुटत नाही, हेही तितकेच खरे आहे. हृदयविकार झालेल्या माणसाला आपण त्याच्या तेलकट जेवणाचा हिशेब मागत बसत नाही. उपचार घेण्याचा, चिडण्याचा, तक्रार करण्याचा तुमचा हक्क खर्ऱ्याने काढून घेतलेला नाही. फक्त तो पुन्हा तोंडात जाऊ देऊ नका; आजार परतण्याची किंवा तोंडात दुसरीकडे नवा होण्याची शक्यता त्याने वाढते. मन डळमळले तर 1800-11-2356 या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेवर विनाशुल्क बोलता येते.

गटात काय मिळणार, हा प्रश्न तुम्ही उपहासाने विचारला असला तरी त्याचे उत्तर अगदी साधे आहे. तिथे तुमचे बोलणे लोकांना कळेल, कारण त्यांना तसे बोलणे ऐकायची सवय आहे. लाळेसाठी खिशात काय ठेवायचे, लग्नात कोणत्या पंगतीला बसायचे, कामावर गेल्यावर पहिल्या दिवशी सहकाऱ्यांना काय सांगून टाकायचे, ही माहिती कोणत्याही डॉक्टरकडे नसते. रडगाण्याचे गट असतात, ते मलाही आवडत नाहीत. दोनदा जाऊन पाहा, नाही रुचला तर सोडा. परंतु तोंडाच्या कर्करोगातून उठलेल्या माणसांनी गटातून याहून पुढचे कामही केले आहे. अशा रुग्णांनी 'व्हॉइस ऑफ टोबॅको व्हिक्टिम्स' या मोहिमेत आपले कापलेले जबडे घेऊन लोकप्रतिनिधींची दारे ठोठावली आणि महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली. बंदीची अंमलबजावणी कशी आहे हे नागपूरकराला सांगायला नको, पण ती मिळवण्यात या माणसांचा वाटा होता. तुम्ही उद्या शाळेत जाऊन भाषण करावे, असे मी सुचवत नाही. बाजार समितीत लिलाव पुकारणे जमणार नसेल, पण हिशेबाचे काम जमेल का, एवढेच सचिवांना आधी विचारा. तेही तोंडी नको, लेखी अर्ज द्या.

प्रश्न : मी चौथीच्या वर्गाला शिकवते. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार घेत असलेली एक विद्यार्थिनी डॉक्टरांच्या परवानगीने शाळेत परत येत आहे. काही पालकांनी तिला वेगळे बसवा, डबा वाटून खाऊ देऊ नका, असे सांगितले. त्यांना काय उत्तर द्यावे?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : कर्करोग स्पर्शाने, उष्ट्याने, श्वासाने पसरत नाही. तुमच्या वर्गातल्या एकाही मुलाला तिच्यापासून धोका नाही. धोका असलाच तर उलट दिशेने आहे. मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात उपचार दोन-अडीच वर्षे चालतात आणि शेवटच्या लांब टप्प्यात मुले गोळ्या घेत शाळेत जाऊ शकतात. मात्र त्यांची प्रतिकारशक्ती कमी असते. म्हणून वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला, तर त्याच दिवशी तिच्या आईवडिलांना फोन करा. तक्रार करणाऱ्या पालकांनाच ही जबाबदारी द्या, की आपले मूल तापाने फणफणलेले असताना त्याला शाळेत पाठवू नये. डबा सध्या तिने तिचाच खावा, तोही तिच्या सुरक्षिततेसाठी. टोपी घालण्याची परवानगी, जवळचे स्वच्छतागृह आणि बुडलेल्या अभ्यासाची एक वही, एवढी तयारी पुरे. हा आजार झालेली पुष्कळ मुले आज पूर्ण बरी होऊन मोठी होतात. मुंबईत 'उगम' नावाचा गट तर बालपणी कर्करोग होऊन बरे झालेल्या तरुणांचाच आहे. पालकसभेत एवढे सांगितले तरी बहुतेकांचे समाधान होईल. ज्यांचे होणार नाही त्यांच्यासाठी वर्गाची बैठक बदलण्याचे कारण नाही.

प्रश्न : माझ्या बाबांना, वय 71, फुप्फुसाचा कर्करोग आहे आणि तो हाडांत पसरला आहे. दोन वेळा केमो बदलून झाल्या. आता केमोचा उपयोग नाही, आपण वेदना कमी करण्यावर भर देऊ, असे डॉक्टर म्हणाले आणि मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. आई म्हणते, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. बाबा गोळ्या घेत नाहीत, व्यसन लागेल म्हणतात. रात्रभर कण्हत बसतात. माघात कवळ्याला शांतादुर्गेच्या जत्रेला न्या, असा त्यांचा हट्ट आहे. आम्ही आशा ठेवायची की नाही, आणि ठेवायची तर कशाची?
— एक मुलगा, फोंडा, गोवा

उत्तर : केमो थांबवली म्हणजे उपचार थांबले, असा अर्थ तुमच्या आईंनी घेतला आहे. त्यांना सांगा, की वेदना, धाप, झोप, भूक आणि मनाची घालमेल यांवरचे उपचार ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे, तिला परिहारक उपचार म्हणतात, आणि खरे पाहता ती केमोच्या बरोबरीनेच सुरू व्हायला हवी. आपल्याकडे ती शेवटी आठवते. ज्या केमोने आजार हटत नाही ती चालू ठेवली असती, तर बाबांचे उरलेले चांगले दिवस रुग्णालयाच्या खाटेवर गेले असते. हा निर्णय स्पष्ट सांगणाऱ्या डॉक्टरांविषयी मला आदर वाटतो.

मॉर्फिनविषयीची भीती एकट्या तुमच्या बाबांची नाही. ती कायद्यातही शिरली होती. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांचे जाळे इतके किचकट झाले, की रुग्णालयांनी ते औषध ठेवणेच सोडले. 2014 मध्ये कायदा दुरुस्त झाल्यावर वाट थोडी मोकळी झाली. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते आणि त्याने मरण जवळ येत नाही. बाबांना सांगण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. वेदना सुरू होण्याची वाट न पाहता गोळी घड्याळ पाहून घ्यायची असते, कारण चढलेली वेदना उतरवायला अधिक औषध लागते. पहिले काही दिवस गुंगी आणि मळमळ वाटते, ती बहुतेकांची ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून सारक औषध पहिल्या दिवसापासूनच सोबत हवे. ते लिहून दिले नसेल तर आजच मागून घ्या. हाडातल्या एखाद्या ठिकाणी वेदना फार असेल, तर तिथे रेडिएशनच्या एक-दोन बैठकांनी आराम पडू शकतो, हेही विचारून पाहा. पाठीत एकाएकी तीव्र वेदना, पायांतली शक्ती जाणे किंवा लघवी अडणे असे काही झाले, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मणक्यावर दाब आल्याची ती खूण असू शकते आणि तिथे तासांना महत्त्व असते.

घरी झेपेनासे झाले तर गोव्यात लोटली येथे शांती अवेदना सदन हे अखेरच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांची काळजी घेणारे शुश्रूषागृह आहे. याच संस्थेने मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये देशातले पहिले असे शुश्रूषागृह सुरू केले. तिथे नेणे म्हणजे बाबांना टाकणे, असे नातेवाईक म्हणतील. म्हणणारे रात्री उठायला येणार आहेत का, एवढे त्यांना विचारावे. येणार असतील तर उत्तमच, आठवड्याच्या रात्री वाटून द्या. आपल्या गावांत वाड्यावरची माणसे अजून हाकेला येतात आणि आजारी माणसापाशी बसण्याची रीत अजून गेलेली नाही, तिचा उपयोग करून घ्यायला संकोच वाटू देऊ नका.

आशा कशाची ठेवायची, हे तुमच्या बाबांनी स्वतःच सांगून टाकले आहे. तुम्ही त्याला हट्ट म्हणता. डॉक्टरांना पुढच्या भेटीत 'किती दिवस' असे विचारण्याऐवजी 'माघात जत्रेला न्यायचे आहे, त्यासाठी आतापासून काय करावे लागेल' असे विचारा. वेदना आत्ता आटोक्यात आणल्या, तर झोप मिळेल. झोप मिळाली, तर चार घास जातील आणि बसण्याची ताकद येईल. मात्रा बसवायला एखादा आठवडा लागू शकतो, तेव्हा बाबांना हेच कारण सांगून गोळी सुरू करा. गर्दीच्या वेळेला नेऊ नका. देवस्थानात आधी फोन करून चाकाची खुर्ची कुठल्या दाराने आत नेता येते ते विचारून घ्या. निघण्यापूर्वी ठरलेल्या वेळची गोळी, खिशात जादा वेदनेसाठीची राखीव मात्रा, पाण्याची बाटली, डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक आणि गाडी चालवणारा वेगळा माणूस, म्हणजे तुम्हाला मागच्या सीटवर त्यांच्याजवळ बसता येईल. त्या दिवशी त्यांना जमलेच नाही, तर जत्रा संपल्यावरच्या एखाद्या मोकळ्या सकाळी घेऊन जा. आईंनाही न्या.